बुंदी माझ्या डाव्या हाताला चालते

इथले जुने सभासद मला ओळखतात. तुमच्या अनुभवांखाली येऊन चुका काढणारी ती मीच. "पंख्याची पाती सैल असतील", "आधी घरातलं वायरिंग तपासा", "ताप होता का त्या दिवशी?" — अशा कमेंट्स माझ्याच. कित्येकांनी मला ब्लॉक केलंय हेही मला माहीत आहे. भूत, करणी, शकुन, अपशकुन... यातलं काहीही मी मानत नाही. आजही मानत नाही. तरीही लिहितेय, कारण गेलं वर्षभर एका गोष्टीचं उत्तर शोधून मी थकलेय आणि तुमच्यातल्या कुणाला ते सापडलं तर मला हवं आहे. आता माझ्या चुका काढायची पाळी तुमची!

मी रायपूरची. माहेर-सासर दोन्ही मराठी. सासऱ्यांचे वडील रेल्वेच्या नोकरीत अमरावतीहून इकडे आले, ते इथलेच झाले. चौबे कॉलनीत आमचं तळमजल्यावरचं घर आहे. घरात मी, नवरा विवेक आणि सासूबाई. विवेक रोज नवा रायपूरला ऑफिसला जातो. माझं बूढापाऱ्यात चष्म्याचं दुकान आहे. दुकान वडिलांचं, पण तीस वर्षं मीच चालवतेय. डोळ्यांचे नंबर काढते, चष्मे बनवून देते. समोरचा माणूस खुर्चीत बसायच्या आधी, दारातून आत येताना पायरी कशी उतरतो यावरून त्याला दूरचं दिसत नाही की जवळचं, हे मी सांगते. शेखी नाही मिरवत, तीस वर्षांत तेवढं येतंच.

आणि चौथी बुंदी. पांढरी स्पिट्झ कुत्री, वय बारा. पिल्लू असताना पाठीवर पिवळसर ठिपके होते म्हणून बुंदी. ठिपके गेले, नाव राहिलं. ही गोष्ट तिची आहे.

तिच्या डोळ्यांत आधी निळसर ढग आला. वयानं येतो तसा येत असेल असं मी धरून चालले. मग उजवा डोळा लाल दिसायला लागला, ती तो सोफ्याला घासायची, जेवण अर्धं ठेवून द्यायची. जनावरांच्या डॉक्टरांनी डोळ्याचं प्रेशर मोजलं आणि सांगितलं — काचबिंदू. मी कपाळावर हात मारून घेतला. लोकांचे डोळे बघून पोट भरणारी बाई, आणि घरच्या कुत्रीचा काचबिंदू मला कळला नव्हता.

मग थेंब सुरू झाले. दिवसातून तीनदा, दोन औषधं, एकानंतर पाच मिनिटांनी दुसरं. मोबाईलमध्ये तीन अलार्म लावले. अलार्म वाजला की बुंदी दिवाणाखाली. तिला ओढून काढायचं, बाटली मुठीत धरून थोडी कोमट करायची, समोरून न येता डोक्यामागून हात आणायचा, थेंब सोडायचा, आणि शेवटी पनीरचा तुकडा. पनीरसाठी ती सगळं माफ करायची. पण उजवा डोळा वाचला नाही, काढावा लागला. सात-आठ महिन्यांनी डाव्याचंही तेच झालं.

"नजर तो जा चुकी है दीदी, दर्द बाकी है," डॉक्टर म्हणाले. "दर्द निकाल देते हैं।"

घरी येऊन विवेकला सांगितलं तर तो डोक्याला हात लावून बसला. "यार नंदा, दोन्ही डोळे काढून टाकले तर ती जगून राहणार कशाले? म्हातारी झाली न ती आता..."

"तिचं डोकं दुखून राहिलं विवेक. ते थांबलं की जगते का नाही ते तिचं ती ठरवेल," मी म्हटलं. खात्री मलाही नव्हती, पण घरात कुणीतरी ठाम असावंच लागतं आणि ते बहुतेक वेळा मीच असते.

ऑपरेशन झालं. डोळ्यांच्या जागी दोन शिवलेल्या रेघा. पहिले दोन दिवस मला तिच्याकडे बघवत नव्हतं, स्वयंपाकघरात जाऊन रडून यायचे. तिसऱ्या दिवशी बुंदीनं विवेकचा मोजा पळवला. वर्षभरात पहिल्यांदा ती खेळली होती. ज्यांच्या घरी असं म्हातारं जनावर आहे त्यांना म्हणून सांगते, दुखणारा डोळा ठेवू नका. बाकीचं जमतं. घरातलं फर्निचर जागचं हलवायचं नाही, पाण्याचं भांडं एकाच ठिकाणी ठेवायचं, हात लावण्याआधी नावानं हाक मारायची. पायरीपाशी मी काथ्याचं पायपुसणं टाकलं. ते पायाला लागलं की पायरी आली हे ती चार दिवसांत शिकली.

आता मुद्द्यावर येते.

ऑपरेशननंतर बुंदीत दोन बदल झाले. पहिला — ती स्कूटीवर बसेना. अकरा वर्षं ती माझ्या पायांपाशी उभी राहून, कान वाऱ्यावर टाकून माझ्याबरोबर दुकानात यायची. आता स्कूटीचा नुसता आवाज ऐकला की चारी पाय रोवून उभी राहायची, ओढलं तर खाली बसायची. मी स्कूटीपाशी एकटी गेले तर दारात असं रडायची की शेजारच्या दीदी विचारायला आल्या. आंधळ्या जनावराला वेगाची भीती वाटत असणार, सोपं उत्तर आहे. मी स्कूटी झाकून ठेवली आणि आम्ही दोघी ई-रिक्षानं जायला लागलो.

दुसरा बदल — तिनं बाजू बदलली. बुंदी कायम माझ्या उजव्या हाताला चालायची. पट्टा उजव्या हातात, पिशवी डाव्या. ऑपरेशननंतर फिरायला निघालो त्या पहिल्याच सकाळी ती मागून वळसा घालून डावीकडे आली आणि पोटरीला अंग घासत चालायला लागली. तिला आधार हवा असेल म्हणून मी पट्टा डाव्या हातात घेतला. सोपं उत्तर. माझ्याकडे तेव्हा सगळ्याची सोपी उत्तरं होती.

कॉलनीत पाइपलाइनसाठी खड्डे खणून ठेवले होते. एका सकाळी बुंदीनं सगळं वजन माझ्या डाव्या पायावर टाकलं आणि मला जवळजवळ ढकललं. मान वळवून बघते तर दोन पावलांवर खड्डा. ओल्या मातीचा वास आला असेल, मी म्हटलं. असं पाच-सहा वेळा झालं. कधी दगड, कधी रस्त्यात बसलेली गाय. वास, आवाज, वारा... कुत्र्याचं नाक काय असतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मग ती काच आली. दुकानाच्या गल्लीत एक फोटोफ्रेमवाले भैया आहेत. त्यांनी दुपारी एक मोठी काच बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेली, नवीकोरी, अर्धी रस्त्यात आलेली. आम्ही दुकानातून निघालो होतो, मी फोनवर बोलत होते. बुंदी थांबली, माझ्या पायाला आडवी झाली आणि हलेचना. मी वैतागून, "काय झालं ग?" म्हणत खाली वाकले तर काचेची धार माझ्या डाव्या गुडघ्यापासून वीतभर. भैया धावत आले. "अरे दीदी, देख के! इतनी बड़ी काँच नहीं दिखी?"

मला राग आला, तो काचेचा आणि त्यांचाही. "रास्ते में रखोगे तो किसको दिखेगी!" म्हणून त्यांना झाडलं. पण घरी येताना रिक्षात डोक्यात तेच. काचेला वास नाही, आवाज नाही. आणि बुंदीला डोळेच नाहीत.

मी चाचणी घेणारी बाई आहे. रविवारी अंगणात चार प्लास्टिकच्या खुर्च्या धुऊन वेड्यावाकड्या मांडल्या आणि पलीकडून बुंदीला हाक मारली. ती पहिल्याच खुर्चीवर धडकली. मग दुसरीवर. तिसरीला नाकानं चाचपून वळसा घालून आली. कुठलंही आंधळं कुत्रं येईल तशीच. मग विवेकला पट्टा दिला. त्याच्याबरोबर ती मुकाट उजवीकडून चालली आणि गेटच्या खांबावर आपटली. मग मी पट्टा घेतला, विवेकला खुर्च्या हलवायला सांगितल्या आणि डोळे मिटून चालले. बुंदी माझ्या डावीकडे, पोटरीला चिकटून. एकाही खुर्चीला माझा पाय लागला नाही.

"योगायोग," विवेक म्हणाला. "पुन्हा कर."

पुन्हा केलं. तीनदा केलं. मग विवेक खुर्च्या उचलून आत घेऊन गेला.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. ज्यांच्याकडे असतात त्यांना माहीत आहे, आदल्या दिवशी घर उलटंपालटं करतात. सोफा बाहेर, दिवाण भिंतीला, टीव्ही माळ्यावर. या वर्षी मी अडून बसले. फर्निचर हलवलं तर बुंदी हरवेल, तिची सगळी वाट त्यावरच आहे. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, मग म्हणाल्या, "बरं बाप्पा, कोपऱ्यात बसवू त्याह्यले. त्याह्यले काही सोफ्यावर नाही बसायचं." आणि नेहमीप्रमाणे दारापासून देवींच्या जागेपर्यंत त्यांनी स्वतः वाकून पावलं काढली. रांगोळीची पावलं, आत कुंकू भरलेलं. ही पावलं विसर्जनापर्यंत मोडू नयेत हा त्यांचा हट्ट. त्यांच्या सासूचाही तोच होता म्हणे.

देवी आल्या, स्थापना झाली. तासाभरात सासूबाईंची हाक.

"नंदाऽऽ! तुह्या कुत्रीनं पावलं पुसली न व!"

जाऊन बघितलं. खरंच, सोफा आणि कपाटाच्या मधल्या अरुंद जागेतली तीन पावलं फिसकटली होती. बुंदी माझ्या पायाशीच होती. मी तिला उचललं आणि चारी पंजे सासूबाईंसमोर धरले. पांढरेशुभ्र. कुंकवाचा कणही नाही.

"मग कोणं पुसली? विवेक तं बाहेर गेला," त्या म्हणाल्या. आणि मग माझ्या पायांकडे बघत राहिल्या. "पाय दाखव तुहा."

"माझा?"

"डावा."

मी पाय उचलला. तळवा लाल झाला होता.

मी हसण्यावारी नेलं. घाईत पडला असेल पाय, आज काय कमी कामं आहेत का! सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पावलं पुन्हा काढली, खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आता स्वयंपाकघरातून ते ताट आण. मी पाहून राहिली."

मी ताट घेऊन निघाले. बुंदी डावीकडे. मोकळ्या जागेत सगळं ठीक. सोफ्यापाशी वाट अरुंद झाली, बुंदीला शेजारी जागा राहिली नाही, ती माझ्या मागे गेली... आणि सासूबाई ओरडल्या, "थांब!"

खाली बघितलं. माझा डावा पाय बरोब्बर पावलावर होता.

"ते कुत्रं जवळ हाय तवर तुहा पाय पडत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते तुले ढकलून राहिलं व. दर पावलाले ढकलते. मागं गेलं का तू पाय टाकते. काहून? तुले दिसत नाही का?"

"मले? आई, मी चष्मेवाली आहे! परवाच नंबर तपासला मी, शेवटच्या ओळीपर्यंत वाचते."

"समोर पाह्य. मान नको वळवू. मी हात वर केला का सांग."

मी समोर देवींच्या मुखवट्यांकडे बघत उभी राहिले. मिनिट गेलं. मला हसू यायला लागलं.

"करा न आई हात वर."

"केव्हाचा केला हाय, नंदा."

मी मान वळवली. सासूबाई खुर्चीवरून उठून माझ्या डावीकडे उभ्या होत्या आणि त्यांचा हात वर होता. माझ्या हातातलं ताट त्यांनीच घेतलं, नाहीतर पडलं असतं.

आता माझी चूक ऐका. आमच्या धंद्यातच होऊ शकते अशी आहे. गेली कित्येक वर्षं मी स्वतःचे डोळे स्वतःच्याच दुकानात, स्वतःच्याच तक्त्यावर तपासत होते. तीस वर्षं रोज समोर असलेला तक्ता! तो मला झोपेतही पाठ आहे. आणि पाठ नसता तरी काय? त्या तक्त्यानं समोरचं दिसतं का ते कळतं. बाजूचं कळत नाही. हे मी गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगते — चाळिशीनंतर डोळ्याचं प्रेशर मोजून घ्या, काचबिंदू आधी बाजूची नजर खातो, दुखत नाही, कळत नाही. सांगते आणि चष्मे विकते. स्वतः एकदाही गेले नव्हते.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी विवेक मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. तिथे एका मशीनमध्ये तोंड घालून बसायचं, दिवा चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच चमकलं नाही. मशीन बिघडलंय, असं मी तिथल्या मॅडमना ठणकावून सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मशीन ठीक है।"

डाव्या डोळ्याची बाजूची नजर जवळजवळ सगळी गेली होती, मधे पाईपातून दिसावं तेवढं उरलं होतं. उजव्यात नाकाकडच्या बाजूनं सुरुवात होती, म्हणजे डावीकडचं तोही भरून काढत नव्हता. मॅडम रिपोर्ट बघत म्हणाल्या, "यह साल भर से ज़्यादा पुराना है। आप गाड़ी चलाती हैं?"

"चलाती थी। एक साल से बंद है।"

"क्यों बंद की?"

विवेकनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "कुत्ता बैठता नहीं।"

त्यांना ते विचित्र वाटलं असणार, पण त्यांनी फक्त मान हलवली आणि औषध लिहायला घेतलं. उजवा डोळा वाचेल म्हणाल्या, वेळेत आलात. चिठ्ठी हातात आली आणि मी ती वाचून तिथेच रडायला लागले. विवेकला वाटलं मी घाबरले. घाबरले नव्हते. दिवसातून तीनदा, दोन औषधं, मधे पाच मिनिटं... तेच थेंब. बुंदीचेच.

आता तुमच्यातले शहाणे काय म्हणणार ते मला माहीत आहे, कारण मीच म्हटलं असतं. माझी चाल बदलली असेल, मी डावीकडे ठेचकाळत असेन, ते कुत्र्याला कळलं. असेल. जनावरांचे डॉक्टरही तेच म्हणाले. पण मी अडखळते हे कळणं वेगळं आणि पुढे काच आहे हे कळणं वेगळं. विसर्जनाआधी मी शेवटची चाचणी घेतली होती. बुंदीला दारात सोडलं आणि देवींपाशी उभं राहून हाक मारली. ती पावलांवरूनच थेट चालत आली, सगळी रांगोळी विस्कटली, चारी पंजे लाल. सासूबाई खूप बोलल्या. तर एकटीला तिला रांगोळी कळत नाही, खुर्ची कळत नाही, खांब कळत नाही. फक्त माझी डावी बाजू कळते. तीही डोळे काढल्यानंतर, पहिल्याच सकाळी. मला स्वतःला कळायच्या वर्षभर आधी. माझ्याकडे याचं उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा, मी भांडणार नाही.

सध्या बरं चाललंय. उजव्या डोळ्याचं प्रेशर उतरलं आहे, दुकान चालू आहे, तक्ता बदलला आहे. चाळिशीपुढच्या कुठल्याही गिऱ्हाइकाला मी आता प्रेशर मोजल्याची चिठ्ठी दाखवल्याशिवाय चष्मा देत नाही. काही जण चिडून शेजारच्या दुकानात जातात, जाऊ देत.

मोबाईलमध्ये जुने तीन अलार्म पुन्हा चालू केले आहेत. पूर्वी तो आवाज ऐकून बुंदी दिवाणाखाली पळायची. आता उलट येते. माझ्या खुर्चीला टेकून बसते, पहिला थेंब, मग पाच मिनिटं, मग दुसरा, तोवर हलत नाही. सगळं झालं की पंजा मांडीवर ठेवते. पनीर अर्थातच तिला. आतून सासूबाई विचारतात, "देल्लं का व तिले?"

सकाळी आम्ही फिरायला जातो. पट्टा डाव्या हातात. मागे कधीतरी लक्षात आलं, ती जिथे चालते तेवढीच जागा मला दिसत नाही. तिला बघायचं तर थांबून मान पूर्ण वळवावी लागते. आधी सारखी वळवून बघायचे, आता नाही बघत. पोटरीला तिचं अंग लागत असतं.